सैनिकी सेवानोंदी आणि वंशशोध : अजिंठ्याच्या दोन नावांच्या निमित्ताने

ब्रिटिश पूर्वजांचा शोध घेणारे पुष्कळ लोक सैनिकी दप्तराकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानात आलेल्या युरोपियनांपैकी फार मोठा वर्ग लष्करातील होता. लष्कराला पगार, बढती व पेन्शन यांचा हिशेब ठेवावा लागे, आणि त्या हिशेबापोटी कागद जतन झाले. परंतु हे कागद कोणत्या प्रयोजनाने लिहिले गेले याचा विचार न करता ते वाचण्याची रीत पडली आहे. सेवानोंद ही प्रथम एक भाषिक रचना आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. काय सांगावयाचे व काय वगळावयाचे याचे नियम आहेत. ते नियम ध्यानी घेतल्यावाचून तिच्या शब्दांचा अर्थ लागत नाही, आणि तिच्या मौनाचा तर मुळीच लागत नाही. हे विधान अजिंठ्याच्या परिसरातील दोन नावांच्या आधारे तपासून पाहण्याचा येथे हेतू आहे.

पहिले नाव जॉन स्मिथ याचे. दहाव्या लेण्यातील एका खांबावर, रंगविलेल्या आकृतीवरच, त्याने आपले नाव कोरून ठेवले आहे. ‘जॉन स्मिथ, २८ वी कॅव्हलरी, २८ एप्रिल १८१९’ असे त्या ओरखड्यांचे रूढ वाचन आहे, आणि शिकारीस निघालेल्या या अधिकाऱ्याने लेणी जगाच्या नजरेस आणली ही कथा प्रत्येक मार्गदर्शक पुस्तिकेत आढळते. आता हे वाचन सैन्याच्या रचनेशी ताडून पाहावे. मद्रासच्या देशी घोडदळात त्या काळी आठच रेजिमेंटे होती. ब्रिटनच्या राजाच्या सैन्यातील २८ वी लाइट ड्रॅगून्स ही १८०२ मध्येच मोडण्यात आली होती. ‘२८ वी लाइट कॅव्हलरी’ हे नाव हिंदी सैन्यात आले ते १९०३ च्या क्रमांकबदलात, मद्रासच्या एका जुन्या रिसाल्याला नवा क्रमांक मिळाला तेव्हा. म्हणजे १८१९ मध्ये या क्रमांकाच्या घोडदळातील जॉन स्मिथ शोधू गेल्यास तो सापडण्याचा संभव नाही. एक तर क्रमांकाचे वाचन सदोष असले पाहिजे, किंवा मूळ खोदकामातच चूक असली पाहिजे. त्याच ओळीत तारीखही २८ च आहे. त्या अंकाची छाया क्रमांकाच्या वाचनावर पडली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मात्र हा तर्कच होय. त्याचा निर्णय प्रत्यक्ष दगडावरील अक्षरांनीच व्हावयाचा.

या उदाहरणाचे महत्त्व असे की, नाव, पथक व तारीख या तिन्ही गोष्टी एकत्र मिळूनही माणूस निश्चित होत नाही. ‘जॉन स्मिथ’ या नावाची माणसे सैन्याच्या यादीत ठायी ठायी आढळणार. वंशशोध घेणारा कुटुंबातील आठवण किंवा थडग्यावरील ओळ हाती घेऊन दप्तराकडे जातो आणि पहिला जुळणारा इसम आपला पूर्वज म्हणून स्वीकारतो. खरे पाहता क्रम उलटा हवा. आधी सैन्य कोणाचे, राजाचे की कंपनीचे, हे ठरवावे, मग इलाखा, मग हुद्दा, आणि शेवटी नाव.

इलाख्याच्या बाबतीत या जिल्ह्याच्या वाचकांची विशेष फसगत होते. अजिंठा आज महाराष्ट्रात आहे, म्हणून मुंबई इलाख्याची दप्तरे चाळावीत असे कोणासही वाटेल. परंतु १८०३ च्या तहानंतर अजिंठ्याचा प्रदेश निजामाकडे गेला व १९४८ पर्यंत त्याच्याच राज्यात राहिला. त्या राज्यातील जालना ही मद्रासच्या फौजेची छावणी होती. साहजिकच या भागातील कंपनीच्या लष्करी माणसांचा शोध बहुधा मद्रासच्या मालिकांतच घ्यावा लागतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या इंडिया ऑफिस दप्तरात बंगाल, मद्रास व मुंबई अशा तीन स्वतंत्र लष्करी मालिका आहेत. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या धर्मविषयक नोंदीही त्याच विभागणीने लावलेल्या आहेत. हॉडसनने कंपनीच्या अधिकाऱ्यांचा जो चरित्रकोश सिद्ध केला तो केवळ बंगालचा; अजिंठ्याच्या संबंधात त्याचा उपयोग नाही. त्यासाठी १८३८ ची डॉडवेल व माइल्स यांची तिन्ही इलाख्यांची यादी पाहावी लागते, आणि तिच्यात माणसाच्या बढत्या मिळतात, आईबाप मिळत नाहीत.

लेखनरूपांचाही अडथळा लहान नाही. ‘अ’ या स्वरासाठी त्या काळचे इंग्रज रोमन ‘यू’ वापरीत. त्यामुळे ‘अजंटा’, ‘अजुंटा’ अशी रूपे शेजारी शेजारी दिसतात. औरंगाबाद, जालना, अहमदनगर यांचीही हीच गत. ज्याला ही उच्चारपद्धती माहीत नाही त्याच्या दृष्टीने एकच गाव तीन गावे होतात आणि एकाच माणसाच्या तीन बदल्या.

आता नोंदीच्या प्रयोजनाकडे वळू. कॅडेट म्हणून दाखल होणाऱ्या तरुणाच्या कागदांत बाप्तिस्म्याचा दाखला असे. म्हणून तेथे आईबापांची नावे मिळतात. पुढील सर्व नोंदींत तो एक हुद्दा असतो. वाक्याचा कर्ता सरकार आणि कर्म तो अधिकारी. राजाच्या सैन्यातील शिपायांचे निवृत्तीचे कागद लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत जन्मगाव, वय व पूर्वीचा धंदा कळतो, परंतु ते मुख्यतः पेन्शन मिळविणाऱ्यांचे आहेत; नोकरीतच मेलेल्या शिपायासाठी पेन्शनचा कागद होण्याचे कारण नव्हते. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली; तिच्यासाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले १८५१ मध्ये, आणि ते जिवंत अर्जदारांनाच मिळाले. पदकाच्या यादीत नाव नसणे याचा अर्थ लढाईत नसणे असा करणारा वंशशोधक अठ्ठेचाळीस वर्षांचे मरण विसरतो.

सर्वांत मोठे मौन मातृपक्षाविषयी आहे. १७९१ मध्ये कंपनीच्या संचालकांनी हिंदी मातेच्या पुत्रांना मुलकी व लष्करी नोकरीची दारे बंद केली. १७९५ मध्ये त्यांना सैन्यात बाजेवाले, ढोलवाले व नालबंद अशा कामांपुरतीच जागा ठेवली. अशा नियमाखाली लिहिल्या गेलेल्या कागदांत आईचे नाव झाकण्यात लाभ होता आणि सांगण्यात हानी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव, हुद्दा व पथक पूर्ण असते. आईच्या जागी कधी एकेरी ख्रिस्ती नाव, कधी ‘देशी स्त्री’ एवढेच शब्द, कधी काहीच नाही. ही लेखनिकाची हयगय समजणे चूक ठरेल. ज्या व्यवस्थेने कागद मागविला तिला त्या जागेची गरजच नव्हती.

या मौनाच्या संदर्भात दुसरे नाव पाहावे. रॉबर्ट गिल हा मद्रासच्या ४४ व्या देशी पायदळाचा अधिकारी. १८४४ मध्ये लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली तेव्हा तो कॅप्टन होता. लोककथेत मात्र तो पहिल्यापासून ‘मेजर गिल’ आहे. त्याने काढलेल्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तो १८७९ मध्ये वारला. त्याचे थडगे भुसावळला आहे. इतके दप्तरातून व छापील साधनांतून सांगता येते. अजिंठा गावात मात्र पारो हिची कबर आहे. ‘माझ्या प्रिय’ अशा संबोधनाने तिची स्मृती जागविणारी आणि २३ मे १८५६ ही मृत्युतिथी देणारी इंग्रजी ओळ त्या दगडावर आहे.

या ओळीचे व्याकरण ध्यानात घेण्याजोगे आहे. तिच्यात आडनाव नाही, ‘पत्नी’ हा शब्द नाही, बापाचे किंवा गावाचे नाव नाही. आहे ते प्रथमपुरुषी सर्वनाम. सेवानोंदीत प्रथमपुरुष कधीच येत नाही. म्हणून ज्या नात्याला दप्तरात रकाना नव्हता ते नाते दगडावर सर्वनामाच्या आश्रयाने टिकले. नावाविषयीही सावधपणा हवा. मराठीत ‘पार्वती’चे लाडके रूप ‘पारू’ असे होते. ‘गंगू’, ‘ठकू’ या नावांतही तोच प्रत्यय आहे. ओकारान्त रूप मराठी घरात कमी ऐकू येते, हिंदी-दखनीत अधिक. इंग्रज कानाने ऐकलेला अंत्य ‘ऊ’ रोमन ‘ओ’ने लिहिला गेला असणे शक्य आहे, आणि प्रत्यक्ष ओकारान्त हाक असणेही शक्य आहे. केवळ या अक्षरावरून तिची जात, धर्म वा मातृभाषा ठरविण्याचे जे प्रयत्न होतात त्यांना भाषाशास्त्राचा आधार नाही.

ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ (१९८४) या दीर्घकवितेने गिल व पारो यांना मराठी वाचकांच्या मनात घर दिले. २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्याच कथेवर चित्रपट केला. या परिसरातच जन्मलेल्या कवीने पारोला रान, ऋतू आणि बोली दिली. दप्तराने जे नाकारले ते काव्याने भरून काढले, आणि हा काव्याचा अधिकारच आहे. परंतु त्यानंतर दोन प्रकारचे वाचन रूढ झाले, आणि दोन्ही सदोष आहेत. काही वाचक कवितेलाच चरित्र समजतात आणि तिच्यातील प्रसंग इतिहास म्हणून सांगतात. त्यांना विरोध करणारे म्हणतात की, गिल विवाहित होता, पारोशी त्याच्या विवाहाची नोंद नाही, म्हणून ही सारी कल्पना. हा दुसरा युक्तिवाद शास्त्रीय वाटतो एवढेच. जी नोंद अशा नात्यासाठी निर्माणच झाली नव्हती तिच्यातील अभाव हा नात्याच्या अभावाचा पुरावा होऊ शकत नाही. तो केवळ नोंदीच्या मर्यादेचा पुरावा आहे.

यात केवळ एका प्रेमकथेचा प्रश्न गुंतलेला नाही. ज्यांचे पणजोबा मद्रासच्या फौजेत होते आणि पणजी या जिल्ह्यातील होती अशा घराण्यांतील माणसे आज दप्तरांचा शोध घेतात. संगणकामुळे ते पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ झाले आहे. त्यांना पणजोबांच्या बढतीचा दिवस मिळतो आणि पणजीच्या नावाच्या जागी एक शब्दही मिळत नाही. अशा वेळी त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘कोणी नव्हते’ असा लावला, तर कंपनीने १७९१ मध्ये केलेले वगळणे आपण नव्याने मंजूर केल्यासारखे होईल.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांपुढे एक निश्चित काम आहे. या जिल्ह्यातील युरोपियन थडग्यांवरील देशी नावे रोमन लेखनासह जशीच्या तशी टिपावीत. त्यांची संभाव्य मराठी, दखनी व तेलुगू उच्चाररूपे शेजारी मांडावीत. मग ती मद्रासच्या धर्मविषयक नोंदींशी आणि निजामकालीन फारसी-उर्दू कागदांशी ताडून पाहावीत. हे काम इतिहासकाराच्या हाती साधन देईल. पण ते भाषेच्या अभ्यासकानेच आधी केले पाहिजे, कारण या स्त्रियांच्या बाबतीत पुष्कळदा एक नावच काय ते उरले आहे, आणि त्याचेही लेखन परक्या कानाने केलेले आहे.