धनंजयराव गाडगिळांचें अर्थशास्त्र

विद्वानांच्या चरित्रांतील कोणती गोष्ट लोकांच्या स्मरणांत राहावी, याचा नियम मोठा विचित्र आहे. कै. धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–१९७१) यांचें नांव काढलें कीं कोणास प्रवरेचा साखर-कारखाना आठवतो, कोणास ‘गाडगीळ-सूत्र’. हीं दोन्ही कार्यें मोठीं खरीं. परंतु त्यांच्या मागें जें अध्ययन होतें, त्याचे ग्रंथ आज क्वचितच कोणी उघडतो. ही उपेक्षा अन्यायाची आहे, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

गाडगिळांचा पहिला ग्रंथ हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील. केंब्रिज येथें लिहिलेल्या प्रबंधांतून तो सिद्ध झाला व १९२४ सालीं प्रसिद्ध झाला; ग्रंथकाराचें वय त्या वेळीं २३ च्या आसपास होतें. आगगाडी आली, कारागिरांचे धंदे बसले, दुष्काळ पडले, शेती बाजाराकडे वळली, हा सारा वृत्तांत त्यांत आहे. पण त्यांत रोष नाहीं, कीं स्तुतिहि नाहीं. देशाच्या दारिद्र्याची चर्चा त्या काळीं बहुधा सरकारचें समर्थन म्हणून तरी होई, किंवा सरकारविरुद्ध फिर्याद म्हणून तरी. गाडगिळांनीं शांतपणें कारणपरंपरा मांडली. उणीव इतकीच कीं, तिचा आधार मुख्यतः छापील अहवालांचा होता. ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांचा उंबरठा ग्रंथकारानें अद्याप ओलांडला नव्हता.

ती उणीव पुण्यांत भरून निघाली. १९३० सालीं गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले व १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. तेथें त्यांनीं पाहण्या आरंभिल्या, त्या कशाच्या? पुण्याच्या बाजारांतील फळांच्या विक्रीची, वाई तालुक्यांतील शेतीच्या जमाखर्चाची, आणि पुढें खुद्द पुणें शहराची. या शहर-पाहणीचा पहिला भाग १९४५ सालीं बाहेर पडला. तो वाचणें सोपें नाहीं. कोष्टकामागून कोष्टक येतें आणि वाचक थकतो. परंतु लेखकाच्या या रूक्षपणांत त्याचें शील दिसतें; आपलें मत सांगण्यापूर्वीं मोजमाप वाचकाच्या हातीं द्यावें, असा त्याचा बाणा आहे.

हीच संवय दिल्लींतहि सुटली नाहीं. १९६७ मध्यें ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांस द्यावयाच्या केंद्रीय साहाय्यापैकीं शेंकडा ६० लोकसंख्येच्या प्रमाणांत, शेंकडा १० सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न असलेल्या राज्यांस, या धर्तीचें सूत्र १९६९ मध्यें ठरलें. भीड व वशिला यांच्या जागीं शक्य तेथें मोजतां येईल असें माप आणावें, ही त्यामागील दृष्टि पाहणीकाराचीच होय.

एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. विठ्ठलराव विखे-पाटलांनीं उभारलेल्या प्रवरेच्या कारखान्याचें अध्यक्षपद गाडगिळांनीं प्रारंभापासून अनेक वर्षें सांभाळलें. पण सहकारी समाजरचनेवरील त्यांच्या १९६१ च्या ग्रंथांत श्रद्धा जितकी आढळते तितकें परीक्षण आढळत नाहीं. सहकारांतूनहि नवे सत्ताधारी निपजतील, हें पुढील काळानें दाखविलें. त्याचा अंदाज घेण्यास त्यांच्याहून अधिकारी पुरुष कोण होता? परंतु आपण बांधलेल्या घराचा पाया खणून पाहणें कोणासहि जडच जातें.

असा आक्षेप घेण्याचें मापहि अखेर त्यांच्याच ग्रंथांनीं आपणांस दिलें आहे. महागाई, कर्जमाफी, कर यांवर आपल्या घरोघरीं वाद रंगतात. वाद घालणारांपैकीं कितीजणांस आपल्याच आळींतील दहा कुटुंबांची प्राप्ति सांगतां येईल? ही शंका मनांत यावी एवढ्यासाठीं तरी पुण्याच्या पाहणीचा तो रूक्ष ग्रंथ ग्रंथालयांतून मागवून एकवार चाळून पाहावा.