सीमेवरील वाचक आणि विद्यापीठीय ग्रंथालय

विद्यापीठाचे ग्रंथालय कोणासाठी, या प्रश्नास सीमाभागात निराळीच धार येते. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत असल्याने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय तेथील विद्यार्थ्यास आपले म्हणता येते. बेळगावचा विद्यार्थी मात्र आधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी आणि २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाशी जोडलेला. दोघांची भाषा एक, त्यांना हवे असणारे मराठी ग्रंथही तेच; हक्क तेवढा वेगळा.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पंचसूत्रीत प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, असे एक सूत्र आहे. त्यात वाचकाचे राज्य विचारलेले नाही. म्हणून केवळ ग्रंथसंख्येवरून विद्यापीठीय ग्रंथालयाची थोरवी ठरविणे आम्हांस अपुरे वाटते.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही नऊ वर्षांनी जुने. परंतु जुनी नियतकालिके, प्रबंध व दुर्मिळ कोश यांचा संशोधनास पुरेल असा संग्रह करणे लोकवर्गणीच्या बळावर होणारे काम नव्हे.

विद्यापीठाचा पैसा प्रथम त्याच्या विद्यार्थ्यांसाठी, हा आक्षेप रास्त आहे. तथापि मराठी ग्रंथांची संयुक्त सूची आणि ग्रंथालयांतील परस्पर देवघेव यांनी कोणाचाही वाटा घटत नाही. हे दोन्ही विद्यापीठांनी मनावर घ्यावे, एवढीच आमची अपेक्षा.