चाल कोणाची?

बाबा सेहगल यांचे ‘ठंडा ठंडा पानी’ १९९२ साली निघाले, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. सिल्वासाजवळच्या आमच्या मसाटला, नाक्यावरील टपरीत ती ध्वनिफीत दिवसभर वाजत असे. आणि ते गाणे सर्वस्वी सेहगलांचेच, अशी आमची बालसुलभ समजूत होती. पुढे वकिलीमुळे हक्कांचे कागद चाळावे लागले आणि या गाण्याची वंशावळ उलगडत गेली.

त्याचे मूळ व्हॅनिला आइस या अमेरिकन गायकाच्या ‘आइस आइस बेबी’मध्ये आहे. तालावर झरझर म्हटलेले हे यमकबद्ध बोल त्याने ऐंशीच्या दशकात, ऐन पोरवयात रचले. ते प्रसिद्ध झाले तेही दुसऱ्याच गाण्याच्या तबकडीची मागील बाजू म्हणून. दर्शनी गाण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मात्र जॉर्जिया राज्यातील एका निवेदकाने तबकडी उलटी लावली आणि श्रोत्यांची मागणी सुरू झाली. ३ नोव्हेंबर १९९० रोजी हे गाणे ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिले आले. त्या जागी पोहोचलेले पहिले रॅप गाणे, असा त्याचा लौकिक आहे.

परंतु ज्या खर्जातील सुरावटीने श्रोत्यांना वेड लावले, ती ‘क्वीन’ आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ सालच्या ‘अंडर प्रेशर’मधील होती. तबकडीवर त्यांचे नाव नव्हते. आक्षेप येताच, आपल्या सुरावटीत एक स्वर जादा आहे, असा बचाव गायकाने केला. असली कैफियत आमच्या तालुक्याच्या कोर्टातही टिकली नसती! अखेर श्रेय द्यावे लागले, मोबदलाही द्यावा लागला.

सेहगलांनी बर्फाचे केवळ पाणी केले, असे म्हणून त्यांना निकालात काढणे मात्र अन्यायाचे होईल. मूळ गायकाची फुशारकी गंभीर आहे. सेहगलांची स्वतःलाच हसणारी आहे. रस्त्यावरची हिंदी या तालात चपखल बसते, हेही त्यांनी दाखवून दिले. उसन्या चालीत त्यांनी स्वतःची अशी भर घातली, यात शंका नाही.

आणि उसन्या चालीचे आपल्याला वावडे कधी होते? किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) प्रचलित चालीच आहेत; ‘मानापमाना’साठी (१९११) गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडील बंदिशी घेतल्या. १८९२ साली मुंबईत झालेले लुकासिन्हो रिबेरो यांचे पहिले कोंकणी तियात्र ‘इटालियन भुरगो’ परकीय संगीतनाट्यावरच बेतलेले होते. पण आपल्या जुन्या नाट्यपुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गीताचे आरंभीचे शब्द छापलेले आढळतात. तो एक शब्द म्हणजे ऋणाची पावती होय.

‘क्वीन’पाशी वकील होते. आमच्या परिसरातील वारल्यांच्या तारप्याच्या चाली आज वरातीत डीजेच्या यंत्रावर चढतात. त्या तारपावादकापाशी कोण आहे? १९५७चा स्वामित्वहक्काचा कायदा कर्ता शोधतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चालीला त्याला कर्ता सापडत नाही. कायदा येथे मुका राहील. पण ‘चाल : वारली तारपा’ एवढे लिहायला कोणाची आडकाठी आहे?