प्रीमो लेव्हीचा संयम : एक पुनर्विचार

प्रीमो लेव्हीच्या गद्याविषयी लिहिताना समीक्षक प्रथम त्याच्या संयमाचा उल्लेख करतात. तूरिनचा हा ज्यू रसायनशास्त्रज्ञ फेब्रुवारी १९४४ मध्ये आउश्विट्झला पाठविला गेला, मोनोवित्झच्या श्रमछावणीत राबला, आणि २७ जानेवारी १९४५ रोजी रशियन सैन्य आले तेव्हा जिवंत असलेल्या थोड्यांत होता. 'हा माणूस असेल तर' हे त्याचे पहिले इटालियन पुस्तक १९४७ मध्ये एका लहान प्रकाशनसंस्थेने काढले. १९५८ च्या आवृत्तीपर्यंत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. निवाडा वाचकाने करावा, आपण केवळ साक्ष द्यावी, ही त्याची भूमिका. या अलिप्त स्वराचे श्रेय सामान्यतः शास्त्रीय शिक्षणाला दिले जाते. ते स्पष्टीकरण अपुरे आहे.

पहिल्या पुस्तकातच हा स्वर एके ठिकाणी भंगतो. ऑक्टोबर १९४४ मध्ये वायुकोठडीसाठी कैद्यांची निवड झाल्यावर एक वृद्ध कैदी आपण वाचलो म्हणून मोठ्याने देवाचे आभार मानतो. शेजारच्या फळीवर, परवा मरणार असलेला वीस वर्षांचा तरुण दिव्याकडे टक लावून पडलेला असतो. येथे साक्षीदार न्यायाधीश होतो. त्या प्रार्थनेविषयीची घृणा तो लपवीत नाही.

'बुडालेले आणि तरलेले' (१९८६) या ग्रंथातील लज्जेवरील प्रकरण याच्याशेजारी ठेवून वाचावे. ऑगस्ट १९४४ च्या कडक उन्हाळ्यात लेव्हीला एका नळात पाणी सापडले. ते त्याने केवळ जिवलग मित्राबरोबर वाटून घेतले. तिसऱ्या सोबत्याने ओळखले, आणि मुक्ततेनंतर काही महिन्यांनी विचारले की तुम्ही दोघेच का, मी का नाही? सत्तेचाळीसच्या पुस्तकात हा प्रसंग नाही. आता तो सांगताना लेव्ही नळाची जाडी व उंची देतो आणि पाण्याचे माप काढतो : जेमतेम एक लिटर. हे माप म्हणजे केवळ रसायनशास्त्रज्ञाची सवय नव्हे. पाणी थोडे होते म्हणून अपराध लहान होत नाही. उलट, तिघांच्या वाट्याला किती आले असते हा हिशेब वाचक आपसूक करू लागतो. वृद्धावर दिलेला निकाल येथे लेव्हीने स्वतःवर फिरविला आहे, आणि तोही अधिक कठोरपणे, कारण वृद्धाने कोणाचे काही घेतले नव्हते.

१९८७ मधील लेव्हीच्या मृत्यूच्या प्रकाशात ही पाने वाचण्याची प्रथा पडली आहे. ती टाळलेली बरी. त्यामुळे विचार बाजूस पडून केवळ लक्षण उरते. प्रश्न विचारणारा सोबती हे प्रकरण लिहिले गेले तेव्हा हयात नव्हता. मध्यंतरीच्या भेटींत स्नेह होता, पण ते न वाटलेले पाणी दोघांमध्ये राहिलेच, अशी नोंद लेव्ही करतो. सोबत्याला उत्तर काय दिले, ते मात्र तो लिहीत नाही.