‘नोरागामी’तील नामविचार

जुन्या दैवतांना आजच्या शहरात आणून सोडणारी, कुमार व तरुण वाचकांसाठी रचलेली अद्भुतकथा पुराणाचा वेष तेवढा उचलते, आशय उचलीत नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. जपानी पुराणकथांवर बेतलेल्या पुष्कळशा रचनांच्या बाबतीत तो खोटाही नाही. स्त्रीरूप घेणारा कोल्हा, शिंतो देवस्थानाची तांबडी कमान आणि एखादी शापित तलवार एवढ्या भांडवलावर शेकडो पृष्ठे भरलेली आढळतात. ‘नोरागामी’ या चित्रकथेचा विचार मात्र वेगळ्या रीतीने करावा लागतो. ‘आदाचितोका’ या नावाने एकत्र काम करणाऱ्या दोन चित्रलेखिकांची ही कृती कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या मासिकातून डिसेंबर २०१० ते जानेवारी २०२४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली व २७ खंडांत पूर्ण झाली. पुराणाशी तिचे खरे नाते देवतांच्या नामावळीत शोधू जाता हाती फारसे लागत नाही; ते आहे नाव ठेवणे, नाव वाचणे आणि नावाने हाक मारणे या तीन क्रियांत.

कथानायक यातो हा देऊळ नसलेला देव होय. अंगावर खेळाडूचा पोशाख, गळ्याभोवती मळकट रुमाल. भिंतींवर आपला दूरध्वनी क्रमांक लिहून तो गिऱ्हाइके मिळवितो आणि पाच येनांच्या नाण्याच्या मोबदल्यात हरवलेले मांजर शोधण्यापासून न्हाणीघर घासण्यापर्यंत वाटेल ते काम पत्करतो. पाच येन ही रक्कमही सहज निवडलेली नाही. ‘गो-एन’ या उच्चाराचा एक अर्थ ‘पाच येन’, तर दुसरा आदरपूर्वक उच्चारलेला ‘ऋणानुबंध’. म्हणूनच जपानी भाविक देवापुढे हे नाणे टाकतो. त्याला बसखाली सापडण्यापासून वाचवू पाहणारी हियोरी ही शाळकरी मुलगी त्या अपघातानंतर अधूनमधून देहाबाहेर पडू लागते, आणि कथेला आरंभ होतो.

देवाला शस्त्र लागते, आणि ते शस्त्र म्हणजे मृत मनुष्याचा आत्मा. त्याला ‘शिंकी’ म्हटले आहे. जपानी सम्राटाच्या तीन पवित्र चिन्हांना लावला जाणारा शब्द याच दोन लिपिचिन्हांनी लिहितात, उच्चार तेवढा ‘जिंगी’ असा निराळा. देव भटक्या आत्म्याला नाव देतो आणि त्या क्षणी त्याचे सारे गतायुष्य देवाला दिसते. आत्म्याला मात्र त्यातले काहीच आठवत नाही. यातोने नाव दिलेला मुलगा युकिने. त्याच्या नावातील पहिल्या चिन्हाचा अर्थ बर्फ. देशी वाचनाने ते ‘युकि’, चिनीतून आलेल्या वाचनाने ‘सेत्सु’. माणूस म्हणून तो युकिने. शस्त्र म्हणून ‘सेत्सु’ आणि ‘कि’, म्हणजे उपकरण, यांचा संधी होऊन सेक्की. मराठीत ‘हात’ आणि ‘हस्त’ हे वेगवेगळे लिहिले जातात. एकच चिन्ह लिहून घरात ‘हात’ आणि शास्त्रग्रंथात ‘हस्त’ वाचावे, अशी कल्पना केल्यास ही स्थिती काहीशी ध्यानात येईल. दृष्टान्त अर्थातच अपुरा आहे, कारण ‘हात’ हा ‘हस्त’चाच वंशज, तर ‘युकि’ आणि ‘सेत्सु’ यांचे कूळ एक नाही. परंतु घरगुती वाचनात मुलगा आणि विद्वानांच्या वाचनात हत्यार, ही विभागणी लेखिकांनी भाषेतून आयती उचलली आहे व तिचे सोने केले आहे.

नाव देणे म्हणजे आश्रय देणे, आणि नाव देणे म्हणजे मालकी सांगणे. ताटातील तांदळावर वधूचे नवे नाव लिहिण्याची रीत ज्या समाजाला परिचित आहे, त्याला हे दुहेरीपण समजावून सांगावयास नको. युकिने कृतज्ञ आहे आणि संतप्तही आहे. आपल्याला वाढावयाचे नाही, समवयस्कांत मिसळावयाचे नाही, हे कळल्यावर तो चोऱ्या करतो, आणि त्याच्या प्रत्येक दुष्कृत्याची वेदना नाव देणाऱ्या देवाच्या अंगावर उमटते. इझानागीने पाताळातून परतल्यावर केलेल्या शुद्धिस्नानाची कथा इ. स. ७१२ मधील ‘कोजिकी’त आहे, त्या विधीचे ‘मिसोगी’ हे नाव येथे युकिनेच्या कबुलीजबाबाला दिले आहे. पाण्याच्या जागी उच्चारलेला अपराध आला. पुराणाचा असा उपयोग विरळा.

या दृष्टीने बिशामोन या देवतेचे प्रकरण विशेष अभ्यसनीय आहे. ही देवता मूळची भारतीय: वैश्रवण, म्हणजेच कुबेर. चिनी अनुवादकांनी या नावातील ‘श्रु’ धातू ओळखून ‘पुष्कळ ऐकणारा’ असेही त्याचे भाषांतर केले, आणि जपानात तामोनतेन हे त्याचे दुसरे नाव त्यातूनच आले. ‘नोरागामी’तील बिशामोन स्त्री आहे. दिसेल त्या आत्म्याची कणव येऊन ती त्याला नाव देते. पण ‘पुष्कळ ऐकणाऱ्या’ या देवतेला आपल्याच घरातील कुजबुज ऐकू येत नाही, आणि तिचे कुटुंब आतून पोखरले जाते. लेखिकांनी हा व्युत्पत्तीचा धागा जाणून धरला आहे किंवा नाही, हा प्रश्न गौण आहे.

कथेचा गाभा मात्र यातोच्या नावात आहे. त्याचे मूळ नाव याबोकु. त्यातील ‘बोकु’ हे चिन्ह शकुन पाहण्याचे. भाजलेल्या हाडावर उमटणाऱ्या तड्याचे ते चित्र, एक उभी रेघ आणि तिला उजवीकडे फुटलेली आखूड रेघ. काताकाना या वर्णमालेतील ‘तो’ हे अक्षरही हुबेहूब असेच दिसते. सकुरा या स्त्रीने ते ‘तो’ असे वाचले आणि बालदेव ‘यातो’ झाला. याबोकु हे पित्याने दिलेले नाव. त्या नावाने त्याला माणसे मारावयास शिकविले. यातो हे चुकीच्या वाचनातून लाभलेले नाव. त्या नावाने त्याला मृत्यू म्हणजे काय हे प्रथम कळले. तो चुकीचे नाव आपले मानतो. आणि तरीही पाताळात अडकल्यावर त्याला परत आणण्यासाठी हियोरीला खरेच नाव उच्चारावे लागते. नाकारलेल्या नावाखेरीज सुटका नाही, ही या कृतीतील सर्वांत कठोर कल्पना होय. हायाओ मियाझाकी यांच्या २००१ मधील ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटातही चिहिरोच्या नावातील एकच चिन्ह शिल्लक ठेवून त्याचे ‘सेन’ हे चिनी वाचन तिच्यावर लादले जाते; पण तेथे खरे नाव आठवणे हीच मुक्ती आहे. ‘नोरागामी’ इतकी निःशंक नाही. शिंकीला त्याचे जिवंतपणीचे नाव कळणे म्हणजे त्याचा सर्वनाश, हा तिचा दंडक आहे.

उत्तरार्धात, देवलोकाशी चाललेल्या दीर्घ संघर्षात, हे तेज मंदावते. तेथे पुराणातील नावे बिल्ल्यांसारखी छातीवर लावून पात्रे येतात आणि लढतात. नाव देताना मृताची संमती का घेतली जात नाही, हा पूर्वार्धात उभा केलेला प्रश्न रणधुमाळीत दीर्घकाळ मागे पडतो. युकिनेची अंधाराची भीती त्याच्या पित्याच्या क्रौर्यापर्यंत जाऊन भिडते, त्या प्रकरणात तो पुन्हा वर येतो, आणि कथेची पकड पूर्ववत घट्ट होते.

अशा कृतीच्या भाषांतराची अडचण शब्दार्थाची नव्हे, वाचनाची आहे. मोडी दप्तरे चाळणाऱ्यास ऱ्हस्वदीर्घाचा भेद लिपीत न दिसता संदर्भाने ठरवावा लागतो. त्याला सकुराची चूक लवकर उमगेल. देवनागरीत मात्र ‘यातो’ आणि ‘याबोकु’ ही दोन नावे परस्परांपासून इतकी दूर दिसतात, की एकाच्या जागी दुसरे कोणी वाचू शकेल यावर वाचकाचा विश्वास बसणार नाही. ते चिन्ह चित्र म्हणून पानावर छापावे लागेल.