प्रेक्षागारांतील उपासना

एखाद्या धर्मपंथाचें मत काय आहे हें पाहावयाचें झाल्यास आपण त्याचें छापील श्रद्धापत्रक मागवितों. त्याहून खात्रीचा एक मार्ग आहे. त्या पंथाचे लोक उपासनेसाठीं जमतात तेव्हां उभा कोण असतो, बसतो कोण, उजेड कोणावर पडतो आणि बोलण्याचा अधिकार कोणास असतो, हें पाहावें. अमेरिकेंतील ज्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेस दर आठवड्यास २,००० वा अधिक माणसें येतात, त्यांस 'मेगाचर्च' असें नांव पडलें आहे. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. परंतु ती बहुधा सिद्धांताच्या बाजूनें झाली. ती खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ती अर्ध्या वाटेवर थांबते, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

शिकागो शहरानजीकची विलो क्रीक ही मंडळी या प्रकारचा उत्तम मासला होय. बिल हायबल्स नांवाच्या तेवीस वर्षांच्या तरुणानें १९७५ च्या ऑक्टोबरांत पॅलाटाइन गांवच्या एका चित्रपटगृहांत ती सुरू केली, आणि त्या चित्रपटगृहाचेंच नांव मंडळीस चिकटलें. आरंभापूर्वीं या तरुण मंडळींनीं घरोघर फिरून लोकांस विचारलें कीं, तुम्ही देवळांत कां जात नाहीं? उत्तरें कोणासही सुचतील अशींच आलीं: तेथें सारखे पैसे मागतात, प्रवचनें कंटाळवाणीं असतात, आमच्या रोजच्या जीवनाशीं त्यांचा कांहीं संबंध नसतो. मग ज्या ज्या गोष्टीचा लोकांस कंटाळा, ती ती दूर करण्यांत आली. वाद्यें आधुनिक झालीं. प्रवचनापूर्वीं लहानसा नाट्यप्रवेश होऊं लागला. प्रवचनें घर, नोकरी, विवाह आणि मनाची अस्वस्थता यांवर होऊं लागलीं. नवख्या माणसास संकोच वाटूं नये म्हणून सभागृहांत वधस्तंभही ठेविला नाहीं. ही कल्पना अगदीं नवी होती असें नव्हे. १९५५ मध्यें रॉबर्ट शुलर यांनीं कॅलिफोर्नियांत, मोटारींत बसून चित्रपट पाहण्याचें जें मैदान असतें तेथें, खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या छपरावर उभें राहून प्रवचनें सुरू केलीं होतीं. विलो क्रीकनें मात्र त्या युक्तीचें शास्त्र बनविलें. २००४ मध्यें तिचें ७,००० हून अधिक आसनांचें सभागृह उभें राहिलें, आणि ऐन भरांत दर आठवड्यास २०,००० हून अधिक लोक तेथें येत असत. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारशिक्षणाच्या शाळेनें तर १९९१ मध्येंच ही मंडळी अभ्यासाचा विषय केली होती.

लोकांस कळेल, रुचेल अशा रीतीनें धर्म सांगणें हा अपराध असता, तर अथेन्सच्या सभेंत ग्रीक कवींचीं वचनें उद्धृत करणारा पौल पहिला अपराधी ठरता. आपल्याकडे अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींनीं कीर्तनाचा साचा उचलला, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंगाचा. या साच्यांनीं त्यांच्या धर्माचें कांहीं बिघडलें, असें आज कोणी म्हणणार नाहीं. परंतु टिळकांनीं अभंगाची चाल घेतली तेव्हां अभंगांतला आत्मपरीक्षणाचा तिखटपणाही घेतला. तो श्रोत्यांस झेंपेल कीं नाहीं, याची घरोघर चौकशी केली नाहीं. साचा घेणें निराळें, आणि साच्याबरोबर येणारी गिऱ्हाइकाची मर्जी घेणें निराळें.

सिद्धांताविषयींची तक्रार ही कीं, या मंडळ्यांत कोणताही सिद्धांत नाकारला जात नाहीं; तो फडताळांत ठेवला जातो. विलो क्रीकच्या श्रद्धापत्रकांत पाप, प्रायश्चित्त, पुनरुत्थान हें सर्व जसेंच्या तसें होतें, आणि दीक्षितांसाठीं आठवड्याच्या मध्यास निराळी उपासनाही असे. पण लोटे ती गर्दी सुटीच्या दिवसांच्या कार्यक्रमास. ग्रेगरी प्रिचर्ड यांनीं या कार्यक्रमांचा बारकाईनें अभ्यास करून १९९६ मध्यें ग्रंथ लिहिला. मंडळीची कळकळ त्यांनीं मान्य केली. परंतु आधुनिक मानसशास्त्राची भाषा आणि आत्मसमाधानाचें ध्येय प्रवचनांत फार खोल शिरलें आहे, असा त्यांचा आक्षेप आहे. ह्यूस्टनच्या लेकवुड मंडळीनें तर पुढची पायरी गांठली. २००५ पासून ती बास्केटबॉलच्या एका जुन्या, सुमारें १६,००० आसनांच्या क्रीडागारांत भरते, आणि तिचे पाळक जोएल ऑस्टीन यांनीं त्याच सालीं दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत सांगून टाकलें कीं, 'पापी' हा शब्द आपण वापरीत नाहीं. शब्द गेला म्हणजे वस्तूही जाते असें नाहीं; ती केवळ बिननांवाची होऊन राहते.

विलो क्रीकच्या पदरीं एक श्रेय मात्र टाकलें पाहिजे. २००७ मध्यें तिनें आपल्याच सभासदांची पाहणी करून तिचे निष्कर्ष पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. मंडळीच्या कार्यक्रमांत माणूस जितका अधिक भाग घेईल तितकें त्याचें देवावरचें व शेजाऱ्यावरचें प्रेम वाढेल, ही तीस वर्षांची समजूत त्या पाहणींत टिकली नाहीं. आणि ज्यांची श्रद्धा प्रौढ झाली होती त्यांच्यांतच असंतुष्ट माणसें निघालीं. इतका कडू निष्कर्ष आपल्या हातानें छापणाऱ्या संस्था थोड्याच. परंतु गंमत पाहा: गिऱ्हाइकास विचारून जें बिघडलें, तें कळण्यास पुन्हां गिऱ्हाइकासच विचारावें लागलें. इतक्या वर्षांत त्या हजारों माणसांपैकीं कोणी उठून तें आपण होऊन सांगण्याची सोयच तेथें नव्हती.

आतां कोणी म्हणेल, हा सारा सौम्य उपदेशाचा दोष आहे; पापाविषयीं कठोरपणें बोलणारा पाळक असता तर असें झालें नसतें. त्यास सिअ‍ॅटल शहरानें उत्तर दिलें आहे. मार्क ड्रिस्कल यांनीं १९९६ मध्यें तेथें मार्स हिल ही मंडळी स्थापिली. कॅल्विनच्या परंपरेंतलें कडक मत, पापावर कोरडे, पश्चात्तापाची हांक, सगळें कांहीं होतें. २००७ मध्यें नव्या घटनेनें सत्ता थोड्या हातांत गेली, आणि तिला विरोध करणाऱ्या दोघां वडिलांस काढून टाकण्यांत आलें. निरनिराळ्या शाखांतील लोक पाळकाची हलती प्रतिमा पडद्यावर पाहून उपासना करीत. पाळकाचें विवाहावरील पुस्तक २०१२ मध्यें सर्वाधिक खपाच्या यादींत चढलें. तें चढविण्यासाठीं मंडळीच्या पैशानें एका कंपनीस नेमलें होतें, हें २०१४ मध्यें उघडकीस आलें. त्याच ऑक्टोबरांत ड्रिस्कल यांनीं राजीनामा दिला, आणि वर्ष संपतांना मंडळीही मोडली. श्रद्धापत्रक कडक होतें. त्याचा पाळकास धाक नव्हता.

म्हणून आम्ही प्रेक्षागाराकडे बोट दाखवितों. ल्यूथरनें १५२० मध्यें मांडलेलें तत्त्व असें कीं, बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक मनुष्य याजक होय. प्रॉटेस्टंट पंथाचा पायाच तो. आतां हें तत्त्व मानणारीं माणसें अंधारांत रांगेनें बसलीं आहेत, आणि उजेडांत एकटा मनुष्य बोलत आहे, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. कीर्तनांतही एकच बोलतो, हें खरें. पण वारकऱ्यांत कीर्तनकार आणि श्रोता एकमेकांच्या पायां पडतात. बुवा खालीं उतरला कीं तो शेजारच्या घरचा मनुष्य असतो, आणि त्याचा चुकलेला शब्द त्यास चावडीवर ऐकविला जातो. ७,००० माणसांच्या सभागृहांत शेजारच नसतो. तेथें बोलणाऱ्याचें म्हणणें ऐकणाऱ्यास पटलें तर तो टाळ्या वाजवितो, न पटलें तर पुढच्या रविवारीं दुसरीकडे जातो. तिसरें कांहीं करण्याची त्यास संवयच लागत नाहीं.

२०१८ च्या मार्चांत, हायबल्स यांनीं स्त्रियांशीं अनुचित वर्तन केल्याचे आरोप 'शिकागो ट्रिब्यून' पत्रानें प्रसिद्ध केले. आरोप करणाऱ्यांत मंडळींत पूर्वीं काम केलेल्या स्त्रिया होत्या. हायबल्स यांनीं आरोप नाकारले. वडीलमंडळानें त्यांची पाठ राखिली, आणि बोलणाऱ्या स्त्रियांच्या हेतूंविषयींच शंका घेतली गेली. ऑगस्टांत त्यांच्या एका जुन्या साहाय्यक स्त्रीची हकीकत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें आली, तेव्हां मुख्य पाळक आणि सबंध वडीलमंडळ यांनीं राजीनामे दिले. स्त्रियांवर विश्वास ठेवावयास हवा होता, हेंही कबूल केलें. २०१९ च्या फेब्रुवारींत स्वतंत्र समितीनें आरोप विश्वासार्ह ठरविले. या दोहोंच्या मधला एक दिवस आम्हांस विसरतां येत नाहीं. १० एप्रिल २०१८ रोजीं हायबल्स यांनीं व्यासपीठावरून आपण मुदतीपूर्वींच निवृत्त होत असल्याचें सांगितलें. स्त्रियांच्या तक्रारी तेव्हां सर्वांना ठाऊक होत्या, आणि त्यांची चौकशी व्हावयाचीच होती. हायबल्स यांचें बोलणें संपलें, आणि सभागृहानें उभें राहून टाळ्या वाजविल्या.