गळा, शालू आणि कंपनीचे बिऱ्हाड

संगीत नाटकाच्या ऱ्हासाचे खापर बोलपटावर फोडायची आपल्याला सवय झाली आहे. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, पाठोपाठ नाटक कंपन्यांची थिएटरे सिनेमावाल्यांनी घेतली आणि गंधर्वयुग मावळले, असा हा हिशेब आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. बोलपट येण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी मराठी रंगभूमीवर घडलेली एक गोष्ट त्यात धरलेली नसते. ऐन लोकप्रियतेत असलेला गायक नट जुनी मंडळी सोडून स्वतःच्या नावावर उभा राहू लागला आणि त्यासाठी त्याने जो मार्ग निवडला, त्याने बदलत्या आवडीशी जुळवून घ्यायला त्याला जागाच ठेवली नाही. किर्लोस्कर मंडळीतून नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९१३ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, त्याच किर्लोस्कर मंडळीतून दीनानाथ मंगेशकर निघाले आणि चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. घर एक, गळे दोन, स्वभाव अगदी वेगळे. पण तिशीचे दशक उलटता उलटता दोन्ही कंपन्या एकाच गाळात रुतल्या.

गायकाने स्वतंत्र होणे म्हणजे त्या काळी काय, हे आधी पाहायला हवे. आज गायक एकटा निघाला तर त्याला दोन साथीदार आणि एक गाडी पुरते. १९१३ च्या गायकाला स्वतंत्र व्हायचे तर अख्खे बिऱ्हाड डोक्यावर घ्यावे लागे. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी, त्यांची लग्ने-आजारपणे, रेल्वेने गावोगाव जाणारे सामान, हे सारे त्यात आले. गंधर्व मंडळीत त्यावर आणखी एक थर चढला. खरे शालू, खरे दागिने, अत्तर, गालिचे यांवर मालकाचा हात आखडत नसे. 'द्रौपदी'च्या (१९२०) मयसभेसाठी पैसा पाण्यासारखा ओतला गेला. या थाटाला उधळेपणा म्हणून मोकळे होता येत नाही. पुरुषाने रंगवलेली रुक्मिणी किंवा भामिनी मध्यमवर्गीय स्त्रियांनी नेसण्या-वागण्याचा आदर्श मानावी, एवढी त्या थाटात ताकद होती. सूर आणि शालू मिळूनच ती मूर्ती घडली होती. पण टेंबे १९१५ मध्ये आणि बोडस १९१९ मध्ये बाहेर पडल्यावर ही मूर्ती आणि कंपनीची तिजोरी एकाच माणसाच्या अंगावर आली. प्रेक्षक ज्या रूपाला पैसे देतो ते रूप बदलण्याचा धोका कलावंत एखादे वेळी पत्करील. पोटाला शेकडाभर माणसे असलेला आणि सावकार दारात असलेला मालक तो कसा पत्करणार?

पाश्चात्त्य रॉक संगीतात याच पेचाचे एक पुढचे रूप दिसते, म्हणून तिकडे थोडे पाहून येऊ. चमचमते कपडे, रंगवलेला चेहरा, स्त्री-पुरुष भेद पुसणारे रूप यांवर उभ्या असलेल्या ग्लॅम रॉकची लाट इंग्लंडमध्ये १९७२-७३ ला टिपेला होती. डेव्हिड बोवीने ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये आपल्या 'झिगी स्टारडस्ट' या गाजत्या रूपाचा भर प्रयोगात निरोप घेतला आणि दोन वर्षांत तो अमेरिकी सोल संगीताकडे वळला. बोवीला हे जमले, कारण झिगी हा त्याने घातलेला एक मुखवटा होता. बालगंधर्वांना मुखवटा नव्हता. सिंधू, रुक्मिणी, भामिनी या सगळ्यांमधून प्रेक्षक एकच 'गंधर्व' बघत होता.

इथे जाणकार वाचक 'एकच प्याला'कडे (१९१९) बोट दाखवील, आणि ते रास्त आहे. दारुड्याची बायको सिंधू फाटके लुगडे नेसून जात्यावर बसते. तिथे शालू नाही, अत्तर नाही, तरी नाटक गाजले ते तिच्याच पदांवर. मग थाटावाचून गंधर्वांचे अडत होते असे कसे म्हणता येईल? माझ्या मते हा पुरावा उलट माझ्याच बाजूचा आहे. त्या गळ्याला शालूची गरज नव्हती, हे १९१९ मध्येच सिद्ध झाले होते. तरीही पुढच्याच वर्षी कंपनी मयसभेच्या खर्चात शिरली. ध्वनिमुद्रिकाही तेच सांगतात. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत हा गायक पदाचा सारा अर्क बसवतो. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत अर्धा तास लांबलेल्या पदाहून ती गायकी कित्येकदा अधिक रेखीव वाटते. म्हणजे नव्या माध्यमाचे माप त्यांच्या गळ्याला येत होते. 'धर्मात्मा'त (१९३५) ते एकनाथांच्या पुरुष भूमिकेत उभे राहिले, पण प्रभातबरोबरची भागीदारी एका चित्रपटातच आटोपली. दोन वर्षांनी 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. रंगमंचाचे अंतर आणि दिव्यांची किमया जे झाकत होती, ते कॅमेऱ्याने झाकले नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: आवडच बदलली तर कोणाचा काय इलाज? १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, पदे मोजकी ठेवली, आणि ज्योत्स्ना भोळे यांचे गाणे भावगीताच्या अंगाने गेले. आता पुरुषाने स्त्री होण्याचे प्रयोजनच उरले नव्हते. हे सर्व मान्य. पण मग दीनानाथांचे काय झाले, याचे उत्तर द्यावे लागते. त्यांनी गंधर्वांची लकब उचलली नाही. पंजाबी ढंगाची, झेपावणारी, तडफदार गायकी त्यांनी आणली. 'मानापमान'मधला त्यांचा धैर्यधर त्याच पदांना वेगळाच चेहरा देऊन गेला. 'रणदुंदुभी' (१९२७), सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' (१९३१) अशी नाटके घेऊन ते स्वातंत्र्याच्या चळवळीने तापलेल्या प्रेक्षकाच्या बरोबर राहिले. म्हणजे आवड बदलली तसे ते बदलले होते. तरीही कंपनी डबघाईला आली, 'कृष्णार्जुन युद्ध' (१९३४) काढून सिनेमातही हात पोळले, आणि १९४२ मध्ये वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी दीनानाथ गेले. एक जण बदलला नाही, दुसरा बदलला. दोघांचाही शेवट कर्जात झाला. दोष निव्वळ आवडीच्या बदलाचा असता तर असे झाले नसते.

उलट बाजूही तपासू. टेंब्यांनी 'शिवराज' मंडळी काढून पाहिली, पण पुढे 'अयोध्येचा राजा'चे संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. गंधर्व मंडळीला चाली पुरवणारे मास्टर कृष्णराव प्रभातमध्ये गेले आणि 'अमर ज्योती', 'माणूस', 'शेजारी' यांचे संगीतकार झाले. हिराबाई बडोदेकरांचे उदाहरण तर सर्वांत बोलके. त्यांनीही नाटक मंडळी चालवली, त्यांनाही ती कर्जात घेऊन गेली; पण त्या कंपनीचे ओझे उतरवून जाहीर मैफलींकडे वळल्या आणि तीच नाट्यपदे बैठकीत गाऊन त्यांनी देणी फेडली. या तिघांकडे गंधर्वांहून मोठी प्रतिभा होती असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी विद्या बरोबर घेतली आणि बिऱ्हाड मागे ठेवले, एवढेच.

बिऱ्हाड मागे ठेवून गाणे किती दूर जाते, हे खेड्यात पाहावे. नासरापूरहून वेल्ह्याकडे जाताना, राजगडाच्या वाटेवर मार्गासनी हे गाव लागते. असल्या मावळी गावात गंधर्व मंडळीचे पडदे कधी उतरले असतील असे वाटत नाही. तो थाट रेल्वेच्या, संस्थानिकांच्या आणि शहरी वकील-सावकारांच्या आधाराने फिरणारा होता. अशा खोऱ्यात नाट्यपद पोचू शकले ते तबकडीवरून, आणि १९५३ मध्ये पुणे आकाशवाणी सुरू झाल्यावर रेडिओवरून. तिथल्या श्रोत्याने शालू कधी पाहिलाच नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडले असेही दिसत नाही.

पुढच्या पिढीने हा धडा घेतला, पण निम्माच. 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) यांत जितेंद्र अभिषेकींनी पद आटोपशीर केले आणि प्रसंगाला बांधून ठेवले. ती तोड उत्तम होती. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब त्या पदांतूनच उभा राहतो. आज मात्र नाट्यसंगीत बहुतेक करून एकट्या गायकाच्या मैफलीत जगते. राहुल देशपांडे, आनंद भाटे, महेश काळे यांची तिकिटे खपतात, तरुणही येतात. पण तिथे पद प्रसंगावाचून येते. सिंधूला जाते नाही आणि नवरा नाही, आहे ती फक्त तान. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात चेहरा सुबोध भाव्यांचा आणि गळा आनंद भाट्यांचा होता, आणि दोन्ही आपापल्या जागी चोख होते. १९१३ मध्ये एका देहात जे मावत होते त्याची आता अशी रीतसर वाटणी झाली आहे. हिशेबाच्या दृष्टीने ही वाटणी शहाणपणाची आहे. कोणी कर्जात मरत नाही. पण गेल्या काही वर्षांत जुन्या पदांच्या शेजारी हक्काने बसावे असे नवे नाट्यपद किती आले, हे विचारले तर बोटे पुरून उरतात.